पेण-रोह्याच्या शेजारची वेधशाळा आणि दक्षिण ध्रुवखंडातील दिनचर्या

ध्रुवीय संशोधनाचा इतिहास बहुधा मोहिमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते जहाज कोणत्या दिवशी निघाले, कोणत्या अक्षांशापर्यंत पोहोचले, कोणी कोठे ध्वज रोवला, यांची वर्णने विपुल आहेत. त्या तळांवर राहिलेली माणसे पाणी कोठून आणीत, स्वयंपाक कोणाकडे असे, काळोखाच्या दोन महिन्यांत दिवसाची मोजणी कशी करीत, हा भाग मात्र पुष्कळदा तळटीपेतच राहतो. वस्तुतः ध्रुवप्रदेशातील शास्त्रीय कार्य हे मुख्यतः वास्तव्याचे कार्य आहे. एका ठिकाणी दीर्घकाळ राहून, ठरलेल्या वेळी, ठरलेले मोजमाप न चुकता घेणे, हेच त्या कार्याचे स्वरूप होय. या दृष्टीने पाहता ध्रुवीय तळावरील दिनचर्येचा इतिहास हा त्या शास्त्राच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो.

या इतिहासाशी रायगड जिल्ह्याचा, आणि त्यातही पेण व रोहे या तालुक्यांच्या परिसराचा, निकटचा संबंध आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पेणच्या उत्तरेस पनवेल तालुक्यात, नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. पेणच्या पश्चिमेस, धरमतरच्या खाडीपलीकडे, अलिबाग येथे १९०४ पासून याच विषयाची वेधशाळा चालू आहे. पनवेलहून अलिबागेस जाणारा रस्ता पेण व वडखळ यांवरून जातो. रोहे तालुका या दोहोंच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या खोऱ्यात पसरला असून अलिबागला लागून आहे. दक्षिण ध्रुवखंडातील भारतीय तळावर भूचुंबकत्वाचे जे वेध घेतले जातात, ते याच संस्थेच्या कार्याचा भाग आहेत. म्हणजे पृथ्वीच्या दक्षिण टोकाशी घेतलेले वेध आणि अलिबागच्या नारळी-पोफळींच्या सान्निध्यात घेतलेले वेध एकाच जिल्ह्यात एकत्र येतात. हा योग कसा जुळून आला, आणि त्यामागे कोणत्या प्रकारची दैनंदिन शिस्त होती, याचा विचार पुढे केला आहे.

१. आगोटीची बेगमी

ध्रुवीय तळाची दिनचर्या समजावून घेण्यासाठी पेण-रोह्याच्या वाचकाला फार लांब जाण्याचे कारण नाही. या भागातील जुन्या संसारव्यवस्थेत ‘आगोट’ या शब्दाला मोठे महत्त्व होते. पावसाळ्याच्या तोंडाशी, मृगापूर्वी, चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याचा तो काळ. भात, डाळी, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा, गोवऱ्या, पापड-कुरडया, लोणची यांचा साठा घरात येई. घरे शाकारली जात आणि ओटीला झापांचा आडोसा बांधला जाई. पावसाळ्यात मुंबईशी असलेला समुद्रमार्ग बंद पडे. पूल व पक्के रस्ते होण्यापूर्वी ओढे-नद्यांना पूर आला की गावेच्या गावे कित्येक दिवस तुटत. त्या चार महिन्यांत जे घरात नाही ते नाहीच, असा हिशेब प्रत्येक गृहिणीला करावा लागे.

खारेपाटात याला आणखी एक जोड होती. समुद्राच्या भरतीपासून भातशेती राखणारे बांध, म्हणजे बाहेरकाठे, गावकऱ्यांनी मिळून राखावयाचे असत. बांधाला एका ठिकाणी खांड पडली तर केवळ तेथल्या शेतकऱ्याचे नव्हे, तर साऱ्यांचे शेत खारे होते. आणि एकदा खारावलेली जमीन पूर्ववत होण्यास काही वर्षे जातात. म्हणून बांधाची राखण हे कोणा एकाचे काम नसून पाळीचे काम ठरे.

बेगमी आणि पाळी, या दोन कल्पना ध्रुवीय वास्तव्याच्या मुळाशी आहेत. परिस्थिती अर्थातच सर्वस्वी वेगळी. तेथे पावसाऐवजी हिम, आणि चार महिन्यांऐवजी आठ-नऊ महिने. तथापि तत्त्व तेच. जहाज परत गेले की पुढील उन्हाळ्यापर्यंत बाहेरून काही यावयाचे नाही, आणि एकाने कसूर केली तर त्याचे फळ सर्वांनी भोगावयाचे.

बेगमी फसली तर काय होते याचे दारुण उदाहरण पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या इतिहासातच सापडते. ऑस्ट्रियन नौदलाचे अधिकारी कार्ल वायप्रेख्त यांनी असे प्रतिपादन केले होते की, ध्रुवाकडे धावण्याच्या शर्यतीतून शास्त्राच्या पदरी थोडेच पडते. त्याऐवजी निरनिराळ्या राष्ट्रांनी ध्रुवाभोवती स्थिर तळ उभारून एकाच वेळी एकाच पद्धतीचे वेध घ्यावेत. त्यानुसार १८८२-८३ मध्ये उत्तर ध्रुवाभोवती बारा आणि दक्षिण गोलार्धात दोन तळ काम करीत होते. त्यांपैकी लेडी फ्रँकलिन उपसागरातील अमेरिकन तळावर अॅडॉल्फस ग्रीली यांच्या नेतृत्वाखाली २५ माणसे होती. १८८२ व १८८३ या दोन्ही वर्षी मदतीचे जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाही. १८८४ मध्ये अखेर सुटका झाली तेव्हा फारच थोडे लोक जिवंत होते, आणि मायदेशी पोहोचले ते केवळ सहा. तरीही त्यांच्या वेधांची पत्रके सुरक्षित परत आली.

२. कुलाब्याची वेधशाळा

ध्रुवाजवळ हे घडत असता भूचुंबकत्वाचे वेध मुंबईतही चालू होते. कुलाबा हे नाव येथे दोन अर्थांनी येते, हे सांगितले पाहिजे. पेण, रोहे व अलिबाग हे तालुके ज्या जिल्ह्यात मोडत, तो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. हे नाव अलिबागसमोरच्या किल्ल्यावरून आले. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचे कुलाबा ते निराळे. या दुसऱ्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ च्या सुमारास वेधशाळा उभारली. जहाजांना अचूक वेळ कळावी व ज्योतिषविषयक वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू. १८४१ पासून तेथे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली भूचुंबकत्वाचे वेध सुरू झाले.

या वेधशाळेत प्रारंभीच्या काळात काम केलेल्या सहायकांपैकी एक नाव महाराष्ट्राला सुपरिचित आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळील नागाव येथे झाला. कोवळ्या वयातच ते ऑर्लेबार यांच्या हाताखाली कुलाब्याच्या वेधशाळेत रुजू झाले आणि तेथे त्यांनी अनेक वर्षे काम केले. पुढे ते पुण्यास गणिताचे अध्यापक झाले. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी होते. टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतील वर्णनांवरून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवप्रदेशात असल्याचा सिद्धान्त मांडला. तो सिद्धान्त आज विद्वानांना मान्य नाही. परंतु सहा महिन्यांचा दिवस, दीर्घकाळ रेंगाळणारी उषा, क्षितिजाला समांतर फिरणारे तारे, या ध्रुवीय आकाशाच्या लक्षणांचा मराठी सुशिक्षित वर्गाला जो प्रथम परिचय झाला, त्यात त्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. नागावच्या एका मुलाने वेधशाळेत आत्मसात केलेली गणिताची शिस्त शिष्याच्या हाती ध्रुवप्रदेशाच्या चर्चेपर्यंत पोहोचावी, हा इतिहासातील एक लक्षणीय योग म्हटला पाहिजे.

त्या काळचे वेध डोळ्यांनी घ्यावे लागत. बारीक धाग्याने टांगलेल्या चुंबकाला आरसा बसविलेला असे. दुर्बिणीतून त्या आरशात मोजपट्टीचे प्रतिबिंब पाहून आकडा टिपावयाचा. हे काम अहोरात्र, तासातासाने करावयाचे असे. पावसाळा असो, सण असो, घरी कोणी आजारी असो, घड्याळाचा ठोका चुकवून चालत नसे. हुकलेला वेध पुढच्या तासाला घेता येत नाही, कारण तो क्षण निघून गेलेला असतो. बांधाला पडलेली खांड निदान माती घालून बुजविता येते. नोंदींच्या मालिकेतील खांड कशानेही बुजत नाही.

या शिस्तीचे मोल पुढे अनपेक्षित रीतीने सिद्ध झाले. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावर मोठा उद्रेक होऊन पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. युरोपात व अमेरिकेत तारायंत्रे बिघडली आणि ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधापर्यंत दिसला. कुलाब्याच्या वेधकांनी त्या वेळी तासाचा नियम सोडून पंधरा-पंधरा आणि पाच-पाच मिनिटांनी आकडे टिपले. पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्या पत्रकांत दिसते. एरवी दिवसभरात त्यात होणारा फरक काही दशकांच्या घरातला असतो. २००३ मध्ये अमेरिका, ब्राझील व भारत येथील शास्त्रज्ञांनी याच पत्रकांच्या आधारे त्या वादळाच्या तीव्रतेचे गणित मांडले. आकडा टिपणारा आणि त्याचा अर्थ लावणारा यांच्यामध्ये १४४ वर्षांचे अंतर पडले.

४ फेब्रुवारी १८७२ रोजी झालेल्या अशाच वादळात तर ध्रुवीय प्रकाश मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे. पहिल्या ध्रुवीय वर्षात, १७ नोव्हेंबर १८८२ च्या सुमारास उद्भवलेले मोठे वादळ कुलाब्याच्या पत्रकांतही उमटले. ध्रुवाजवळच्या तळावर गोठलेल्या बोटांनी आकडे लिहिणारा वेधक आणि मुंबईच्या दमट हवेत दुर्बिणीशी बसलेला वेधक हे एकाच घटनेची दोन टोके पाहत होते, याची जाणीव त्या काळच्या शास्त्रज्ञांना होती. तशी जाणीव असल्यामुळेच एकाच वेळी वेध घेण्याचा आग्रह धरला गेला.

३. अलिबागेतील स्थलांतर

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच एक नवे संकट उभे राहिले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचा विचार सुरू झाला. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युत्प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, आणि सूक्ष्म वेधांची माती करतो. वेधशाळेला शहरापासून दूर जाणे भाग होते. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड झाली आणि १९०४ मध्ये तेथे वेधशाळा सुरू झाली. मुंबईत विजेची ट्राम प्रत्यक्षात धावू लागली ती १९०७ मध्ये.

स्थलांतर करताना मूस यांनी जी पद्धत अवलंबिली ती आजही आदर्श मानली जाते. जुनी जागा सोडून एकदम नवीन जागेत जाण्याऐवजी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी वेध घेतले गेले. त्यामुळे दोन स्थानांतील फरक निश्चित करता आला आणि १८४१ पासूनची मालिका अखंड राहिली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचे मूस यांनी केलेले विवेचन १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले.

अलिबागची इमारत उभारताना एक स्थानिक अडचण होती. पेण, रोहे, अलिबाग या साऱ्या भागातील घरे, देवळे, घाट व किल्ले ज्या काळ्या दगडाचे आहेत, तो बेसाल्ट ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला असून त्यात लोहयुक्त, चुंबकीय खनिजे असतात. अशा दगडाच्या भिंतींमध्ये ठेवलेले उपकरण पृथ्वीबरोबर भिंतीचेही चुंबकत्व मोजील. यास्तव पारखून घेतलेला पोरबंदरचा वालुकाश्म आणून इमारत बांधण्यात आली आणि लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळण्यात आला. तापमानातील चढउताराने उपकरणांची वाचने बदलतात, म्हणून मुख्य दालनात दिवसरात्रीच्या तापमानात जवळजवळ फरक पडू नये अशी भिंतींची रचना करण्यात आली.

येथील दिनचर्या शांत, परंतु कडक होती. छायालेखन पद्धतीत प्रकाशाचा बारीक किरण आरशावरून परावर्तित होऊन घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावरील प्रकाशग्राही कागदावर पडे. तो कागद ठरावीक वेळी बदलावयाचा, अंधाऱ्या खोलीत धुवावयाचा, वाळवावयाचा, आणि त्यावरील रेषेचे मोजमाप करून तासातासाचे आकडे काढावयाचे. याशिवाय नियमितपणे स्वतंत्र उपकरणांनी निरपेक्ष वेध घेऊन त्या रेषेचा पाया तपासावयाचा. दालनात जाताना किल्ल्या, चाकू, लोखंडी खिळ्यांच्या वहाणा, छत्रीची काडी, सारे बाहेर ठेवावयाचे. पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद झाला की मुंबईशी संबंध धरमतरची खाडी ओलांडून पेण-पनवेलच्या वाटेने राखावा लागे. वेधकांच्या कुटुंबांनाही शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रमाणे आगोटीची बेगमी करावी लागत असली पाहिजे, हे त्या काळची दळणवळणाची स्थिती पाहता उघड आहे.

४. दक्षिण ध्रुवखंडाकडे

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष म्हणून पाळले गेले. त्या निमित्ताने अनेक राष्ट्रांनी दक्षिण ध्रुवखंडात तळ उभारले आणि त्यातूनच १९५९ चा अंटार्क्टिक करार झाला. भारताचा स्वतःचा तळ त्या वेळी नव्हता. परंतु अलिबाग आणि दक्षिण भारतातील वेधशाळांनी उष्ण कटिबंधातील वेध पुरवून त्या कार्यात भाग घेतला. पुढे काही भारतीय शास्त्रज्ञ इतर राष्ट्रांच्या मोहिमांतून तेथे गेले. गिरिराजसिंह सिरोही १९६० मध्ये अमेरिकन मोहिमेबरोबर प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तर परमजितसिंह सेहरा यांनी १९७१ ते १९७३ या काळात सोव्हिएत मोहिमेबरोबर तेथे काम केले. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेला स्वायत्त रूप मिळाले आणि कुलाबा-अलिबागची परंपरा तिच्याकडे आली.

पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजाने गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम हे तिचे नेते होते आणि तिच्यात २१ सदस्य होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ती दक्षिण ध्रुवखंडास पोहोचली. १९८३ मध्ये भारताने अंटार्क्टिक करारात प्रवेश केला. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली, हिमपट्टीवर ‘दक्षिण गंगोत्री’ हा कायमचा तळ सुमारे दोन महिन्यांत उभा राहिला. लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्या नेतृत्वाखाली बारा जणांची तुकडी हिवाळ्यात तेथे राहिली. भारतीयांनी स्वतःच्या तळावर ध्रुवीय हिवाळा काढण्याचा हा पहिला प्रसंग होय. याच मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया प्रथमच दक्षिण ध्रुवखंडावर गेल्या. त्यांपैकी सुदीप्ता सेनगुप्ता या भूशास्त्रज्ञ, तर नागपूर येथे जन्मलेल्या आणि औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील अदिती पंत या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सागरशास्त्रज्ञ होत्या.

५. तळावरील दिवस

ध्रुवीय तळावरील दिवसाला सूर्याचा आधार नसतो. सत्तराव्या अक्षांशापाशी उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात जवळजवळ तितकाच काळ उगवत नाही. त्यामुळे सकाळ ही घड्याळाने ठरवावी लागते. ठरलेल्या वेळी उठणे, एकत्र भोजन करणे आणि ठरलेल्या वेळी निजणे यांना तेथे जे महत्त्व दिले जाते, ते केवळ लष्करी सवयीमुळे नव्हे. वेळेचा बांध सैल झाला की झोप, भूक आणि मनाची स्थिती ही तिन्ही बिघडतात, असा सर्वच राष्ट्रांच्या तळांचा अनुभव आहे.

दिवसातील पहिली चिंता पाण्याची. सभोवार हिमाचा अफाट साठा असूनही पाणी मात्र इंधनाच्या खर्चाने मिळते. दक्षिण गंगोत्रीसारख्या हिमपट्टीवरील तळावर हिम खणून, आणून, वितळवून पाणी करावयाचे. म्हणून अंघोळ व कपडे धुणे मोजून-मापून. दुसरी चिंता जनित्राची. ते बंद पडले तर उष्णता, प्रकाश, संदेशवहन व वेध सारेच थांबते. तिसरी चिंता आगीची. कोरडी हवा, लाकडी बांधकाम, इंधनाचे साठे आणि सोसाट्याचा वारा यांमुळे आग हा ध्रुवीय तळाचा सर्वांत मोठा शत्रू मानला जातो. भोवती बर्फ असूनही विझविण्यासाठी वाहते पाणी हाताशी नसते.

स्वयंपाकघरात तांदूळ, डाळी, कणीक, गोठविलेल्या भाज्या व डबाबंद पदार्थ यांवर वर्ष काढावे लागते. ताजी भाजी जहाज परतल्यानंतर फार काळ पुरत नाही. भारतीय तळावर आचारी असला तरी भांडी घासणे, केर काढणे, हिम आणणे, कचरा बांधून ठेवणे ही कामे पाळीपाळीने सर्वांना करावी लागतात. त्यातून शास्त्रज्ञ, लष्करी अभियंता, डॉक्टर वा खुद्द नेता, कोणीही सुटत नाही. बाहेरकाठ्याची राखण करणाऱ्या खारेपाटातील गावकऱ्यांस ही व्यवस्था अपरिचित वाटली नसती.

हिमवादळात दोन इमारतींमधील काही पावलांचे अंतरही प्राणघातक ठरते. अशा वेळी दोर बांधून त्याच्या आधाराने जावयाचे, एकट्याने बाहेर पडावयाचे नाही, आणि बाहेर पडताना नोंद करून जावयाचे, असे नियम असतात. हिवाळ्याच्या मध्यावर, २१-२२ जूनच्या सुमारास, सर्व राष्ट्रांच्या तळांवर उत्सव साजरा होतो व परस्परांना शुभेच्छा पाठविल्या जातात. सूर्य परत यावयास लागला, याचा तो आनंद असतो.

दक्षिण गंगोत्रीची इमारत वर्षागणिक साचणाऱ्या हिमाखाली गाडली जाऊ लागली आणि १९९० मध्ये तळ म्हणून तिचा वापर थांबला. तत्पूर्वीच, १९८९ मध्ये, हिमाच्छादन नसलेल्या शिरमाखर या खडकाळ प्रदेशात ‘मैत्री’ हा दुसरा तळ उभा राहिला होता. तेथे गोड्या पाण्याचे सरोवर शेजारीच असल्याने हिम वितळविण्याचा खर्च वाचला. काही किलोमीटरवर नोव्होलाझारेव्हस्काया हा रशियन तळ आहे. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांत ‘भारती’ हा तिसरा तळ सुरू झाला. उत्तर ध्रुवप्रदेशात स्वालबार येथे ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून आहे.

६. तंबूतील मृत्यू

तळावरील वास्तव्यापेक्षा क्षेत्रीय छावणीतील वास्तव्य अधिक कठीण. भूशास्त्रज्ञ व सर्वेक्षक उन्हाळ्यात तळापासून दूर, पर्वतांच्या पायथ्याशी तंबू ठोकून राहतात. तेथे इमारतीचा आडोसा नसतो, वैद्यकीय साहाय्य दूर असते आणि हवामान बिघडले तर हेलिकॉप्टर कित्येक दिवस येऊ शकत नाही. तंबूत ऊब राखावी तर हवा खेळत नाही. हवा खेळू द्यावी तर ऊब राहत नाही. दर रात्री सोडवावयाचा हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु भारतीय मोहिमांच्या इतिहासातील एक अत्यंत दुःखद घटना त्यातूनच घडली. नवव्या मोहिमेत, जानेवारी १९९० मध्ये, पर्वतभागातील छावणीत चार सदस्य तंबूत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मृत्युमुखी पडले. या वायूला वास नसतो, रंग नसतो; झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

कोकणातील वा घाटावरील घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जातो. बंद खोलीत शेगडी ठेवून निजू नये हे शहाणपणही पिढ्यान्पिढ्या सांगितले जात आले आहे. ध्रुवखंडात अशी पिढ्यांची परंपरा नाही. तेथील प्रत्येक नियम कोणाच्या तरी चुकीतून किंवा मृत्यूतून शिकावा लागला आहे. यास्तव दिनचर्येच्या बारीकसारीक नियमांकडे केवळ शिष्टाचार म्हणून पाहणे युक्त होणार नाही.

७. लोखंडापासून दूर

मैत्री तळावर भूचुंबकत्वाचे वेध घेणाऱ्या निरीक्षकाची दिनचर्या पाहिली असता अलिबागची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुख्य इमारत पोलादी खांबांवर उभी. म्हणून चुंबकत्वमापक उपकरणे तिच्यापासून दूर, लोखंड टाळून बांधलेल्या छोट्या खोपटात ठेवावी लागतात. तेथे जाताना अंगावरील लोखंडी वस्तू बाजूला ठेवावयाच्या, निरपेक्ष वेध ठरल्या दिवशी घ्यावयाचे, घड्याळ तपासावयाचे. छायालेखनाच्या कागदाची जागा विद्युत् उपकरणांनी व संगणकाने घेतली असली तरी निरपेक्ष वेधासाठी माणसाला आजही उपकरणापाशी उभे राहावे लागते. फरक इतकाच की, अलिबागेत घामाने बोट घसरते आणि मैत्रीवर धातूला उघडे बोट चिकटते.

या दोन ठिकाणच्या वेधांची सांगड घालण्यामागे शास्त्रीय कारण आहे. सूर्याकडून येणारे विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी भिडले की ध्रुवप्रदेशाच्या वरच्या वातावरणात प्रबळ विद्युत्प्रवाह वाहू लागतात व ध्रुवीय प्रकाश दिसतो. त्याच वेळी पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या पातळीत, कित्येक हजार किलोमीटर उंचीवर दुसरा वर्तुळाकार प्रवाह बळावतो. पहिल्याचा ठसा ध्रुवाजवळच्या तळांवर, तर दुसऱ्याचा ठसा अलिबागसारख्या कमी अक्षांशावरील वेधशाळांत स्पष्ट उमटतो. दोन्ही बाजू हाती असल्याशिवाय वादळाचे पूर्ण चित्र मिळत नाही. उपग्रह, वीजवाहिन्या व दूरसंदेशवहन यांना अशा वादळांपासून धोका असल्यामुळे या प्रश्नाला आज व्यावहारिक महत्त्वही आले आहे.

८. उपसंहार

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, भारतीय ध्रुवीय संशोधनाचा आरंभ १९८१ मध्ये झाला हे मोहिमांच्या दृष्टीने खरे असले, तरी त्या मोहिमांतील भूचुंबकीय वेधांना लागणारी शिस्त त्यापूर्वी जवळजवळ दीडशे वर्षे कुलाब्याच्या व अलिबागच्या वेधकांनी जोपासली होती. त्या वेधकांपैकी छत्रे, मूस अशी थोडी नावे इतिहासाला ज्ञात आहेत. बाकीचे त्यांनी लिहिलेल्या आकड्यांतूनच उरले आहेत. त्यांच्या दिनचर्येची साधने, म्हणजे पत्रके, हजेरीपट, पत्रव्यवहार, बांधकामाच्या नोंदी, यांचा शोध घेऊन ती जतन करणे हे जिल्ह्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांचे एक महत्त्वाचे कार्य ठरेल.

दुसरी गोष्ट वर्तमानाशी संबंधित आहे. ज्या कारणाने वेधशाळेला मुंबई सोडावी लागली, ते कारण कायमचे मागे राहिले असे समजण्याचे कारण नाही. पेणपासून रोह्यापर्यंत लोहमार्ग आहे आणि रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते; डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे, धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे आणि अलिबागभोवती वस्ती वाढत आहे. यांतील प्रत्येक गोष्ट वेधांना बाधक आहे असे नाही. अंतर पुरेसे असले तर लोखंडाच्या मोठ्या राशीचाही परिणाम नगण्य होतो. परंतु चुंबकीय शांतता ही खाडीप्रमाणे वा बांधाप्रमाणेच या परिसराची एक संपत्ती आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिची हानी होत असता कोणाच्या लक्षात येत नाही. १९०४ मध्ये दूरदृष्टीने दोन वर्षांची दुहेरी नोंद ठेवणारे संचालक होते, म्हणून मालिका तुटली नाही. पुन्हा कधी स्थलांतराचा प्रसंग आला तर तितकाच अवधी, तितकीच माणसे आणि तितकाच धीर लागेल. ध्रुवखंडावरील तळ पुन्हा उभारता येतो. दक्षिण गंगोत्री हिमाखाली गेली तरी मैत्रीचे काम थांबले नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षांची अखंड नोंद मात्र एकदा खंडली की ती पुन्हा जोडण्याचा उपाय नाही, आणि तिची राखण आज याच जिल्ह्याकडे आहे.